रक्ताची भीती जाईल, गणित सोडू नकोस

पत्र:

ताई, मी पंधरा वर्षांची आहे. मागच्या वर्षी माझी आजी नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होती. तिथल्या सिस्टरांना बघून मी ठरवलं की आपणही हेच करायचं. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "एवढी आवड आहे तर डॉक्टर हो की." मामा म्हणाला, "हिला रक्त बघून चक्कर येते, ही कसली नर्स होणार!" आणि ते खरंच आहे. मैत्रिणीचा गुडघा फुटला तेव्हा तिच्याआधी मीच आडवी झाले होते. माझे मार्क मध्यम आहेत, पहिल्या दहात मी कधीच नसते. नर्सिंगला प्रवेश मिळावा म्हणून शाळेत असतानाच काय करता येईल? चक्कर येते म्हणजे माझं जमणारच नाही का? हॉस्पिटलमध्ये मदतीला जाऊ का? आणि हो, पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म या महिन्याच्या शेवटी द्यायचा आहे. नर्सिंगला गणित आणि रसायनशास्त्र लागत नाही असं सगळे म्हणतात, म्हणून दोन्ही सोडायचा विचार आहे. चालेल ना?

उत्तर:

तुझ्या पत्रातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न तू शेवटी, दारातून बाहेर पडता पडता विचारल्यासारखा विचारला आहेस. पेशंटही असंच करतात. पंधरा मिनिटं गुडघ्याबद्दल बोलतात आणि उठताना म्हणतात, "तसं छातीतही जरा भरून येतं कधीकधी." त्यामुळे शेवटचं वाक्य कान देऊन ऐकायची आम्हाला सवय लागते. तर आधी तेच घेते.

नाही, चालणार नाही. फॉर्म दिला नसशील तर थांब.

मी आधी वॉर्डात नोकरी केली, मग नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवलं, आणि प्रवेशाच्या मुलाखतींना टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसले. पहिल्या वर्षात कोर्स सोडून गेलेली जी मुलं मला आठवतात, त्यांत रक्ताला घाबरून गेलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बाकीची अडकली ती शरीरक्रियाशास्त्रात, औषधशास्त्रात आणि डोसच्या गणितात. सगळी मनाने फार चांगली होती. "मला लोकांची सेवा करायची आहे" हे त्यांनी मुलाखतीत अगदी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. पण शाळेतच कुणीतरी सांगितलं होतं की नर्सिंगला हे विषय लागत नाहीत, आणि त्यांनी ते ऐकलं होतं.

विषय सोडण्यातला पहिला धोका अगदी कोरडा, कारकुनी आहे. बहुतेक ठिकाणी नर्सिंगच्या पदवीला शाळेच्या शेवटच्या वर्षांत जीवशास्त्र असावंच लागतं, पुष्कळ ठिकाणी रसायनशास्त्रही लागतं, आणि गणितात ठरावीक मार्क मागणारी कॉलेजंही आहेत. विषयच घेतला नसेल तर तुझी कळकळ कुणी वाचायलाही घेत नाही, अर्ज छाननीतच बाजूला पडतो. पात्रतेच्या अटी देशागणिक आणि कॉलेजागणिक बदलतात. म्हणून "सगळे म्हणतात" यावर जाऊ नकोस. ज्या चार-पाच कॉलेजांत जावंसं वाटतं त्यांच्या माहितीपत्रकातलं पात्रतेचं पान काढ, त्यातले विषय आणि किमान मार्क एका कागदावर शेजारी शेजारी लिही, आणि सगळ्यांत कडक अट ज्याची असेल त्याप्रमाणे विषय घे. एका संध्याकाळचं काम आहे.

दुसरं कारण मला जास्त जवळचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ताप आलेलं एक मूल आहे, वजन १२ किलो. पॅरासिटामॉल द्यायचं आहे, किलोमागे १५ मिलिग्रॅम. म्हणजे १८० मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिलंय '५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम'. त्रैराशिक मांडलं की उत्तर येतं साडेसात मिलिलिटर. इथवर सोपं आहे. आता त्याच कपाटात, तसल्याच रंगाची, तसल्याच झाकणाची दुसरी बाटली आहे आणि तिच्यावर लिहिलंय '५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम'. नर्सच्या डोक्यात 'साडेसात मिलिलिटर' एवढंच राहिलं असेल आणि हातात ही बाटली आली, तर मुलाच्या पोटात गेले ३७५ मिलिग्रॅम. दुपटीपेक्षा जास्त. या बाटलीतून द्यायला हवे होते ३.६ मिलिलिटर.

यात सूत्र, समीकरण, प्रमेय असं काहीच नाही. शाळेतलंच त्रैराशिक आहे. फरक इतकाच की ते रात्री तीन वाजता, मूल रडत असताना, आई खांद्यावरून डोकावून बघत असताना आणि शेजारच्या कॉटवरचा पेशंट हाका मारत असताना करायचं असतं. शाळेत शंभरात नव्वद आले तर घरी कौतुक होतं. वॉर्डात दहा डोसांतला एक चुकलेला कोण चालवून घेईल? म्हणूनच कित्येक नर्सिंग कॉलेजांत डोसच्या परीक्षेला पास होण्यासाठी नव्वद टक्के, काही ठिकाणी तर पूर्ण शंभर लागतात.

सलाइनचंही तसंच. १००० मिलिलिटर आठ तासांत द्यायचं म्हणजे तासाला १२५. नळीतून २० थेंबांचा एक मिलिलिटर होत असेल तर तासाला २५०० थेंब, मिनिटाला साधारण ४२. पंप असतात, खरं आहे, पण पंपात आकडा माणूसच घालतो. आणि दशांश चिन्ह! '.५' असं कधी लिहायचं नाही, ते टिंब पुसट झालं की ५ वाचलं जातं. '०.५' लिहायचं. '५.०' हेही लिहायचं नाही, ते कुणीतरी ५० वाचतं. आधी शून्य हवं, नंतर नको. आजपासून गणिताच्या वहीत असंच लिहायला लाग. बाई विचारतील, "हे काय नवीन?", तर सांग.

रसायनशास्त्राचं म्हणशील तर सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के का लिहिलेलं असतं ते बघ. लिटरमागे ९ ग्रॅम मीठ. साधं शुद्ध पाणीच शिरेत सोडलं तर काय होईल? तांबड्या पेशी पाणी शोषून फुगतील आणि फुटतील. परासरणाचा धडा तू शिकलीच असशील. परीक्षेत तो पाच मार्कांचा असतो, इथे तो पेशंटच्या दंडाला जोडलेला असतो. पोटॅशियम रक्तात लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असतं (मोल म्हणजे पदार्थातले कण मोजायचं एकक, मिलिमोल त्याचा हजारावा भाग). त्या पट्टीच्या फार वर किंवा फार खाली गेलं की हृदयाची लय बिघडते. म्हणून पोटॅशियमचं इंजेक्शन पातळ न करता थेट शिरेत कधीच द्यायचं नसतं, त्याने हृदय बंद पडू शकतं. मोल म्हणजे काय हे ज्या मुलीला शाळेत कळलेलं असतं, तिला हा नियम एकदा सांगितला की पुरतं. बाकीच्यांना तो घोकावा लागतो, आणि घोकलेलं थकल्यावर विसरतं.

झालं. आता रक्त.

मामाला सांग की चक्कर येणं हा भित्रेपणा नाही. बहुतेक भीतींमध्ये हृदय धडधडतं, रक्तदाब वाढतो आणि तसाच राहतो, त्यामुळे माणूस पळतो, घामेजतो, पण सहसा पडत नाही. रक्ताच्या बाबतीत शरीर वेगळं वागतं. आधी नाडी आणि दाब थोडे वाढतात आणि मग एकदम कोसळतात. मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस आडवा होतो. आडवं झालं की रक्त पुन्हा मेंदूकडे जातं आणि काही क्षणांत तो डोळे उघडतो. सगळी गडबड दाबाची आहे, म्हणून उपायही दाबाचाच आहे. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-ग्योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात तो नीट बसवला. खुर्चीत बसायचं, हात, पाय, पोट यांचे स्नायू एकदम घट्ट आवळायचे आणि चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा सेकंद, तसेच धरायचे. मग सोडायचे, पण पार सैल नाही, नेहमीसारखे. वीस-तीस सेकंद थांबून पुन्हा. असं पाच वेळा. आठवडाभर रोज नुसता सराव कर. नंतर रक्ताचं चित्र बघत कर, मग इंजेक्शन देतानाचा एखादा व्हिडिओ बघत. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली की आवळायचं, एवढं शरीराला पाठ झालं पाहिजे. तरीही वरचेवर पडत असशील, किंवा रक्ताशी काही संबंध नसताना चक्कर येत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखव. ते वेगळं प्रकरण असू शकतं.

आणि एक घरगुती गोष्ट. उपाशीपोटी, गुडघे ताठ करून, गरम खोलीत तासभर उभं राहिलं तर भल्याभल्यांना भोवळ येते. ऑपरेशन थिएटरमध्ये पहिल्या दिवशी पडलेली एक तरी मुलगी किंवा मुलगा प्रत्येक बॅचमध्ये असतो. आमच्या वेळी जी पडली ती मीच होते. पुढे त्याच थिएटरमध्ये कैक वर्षं काढली. भोवळ येतेय असं वाटलं की टेबलापासून दोन पावलं मागे सरकून खाली बसायचं, एवढंच मी मुलांना शिकवते. सांगायची लाज वाटते म्हणून उभे राहतात ते निर्जंतुक ट्रेवर पडतात, आणि मग सगळ्यांचाच उद्योग वाढतो.

मार्कांबद्दल फार लिहीत नाही, कारण तू समजतेस तेवढं ते भयंकर नाही. पहिल्या दहात असायची गरज नसते. बघतात ते विज्ञान, गणित आणि भाषा यांतले मार्क, आणि ते वर्षागणिक चढतायत की उतरतायत. स्पर्धा असते तिथे कटऑफ चढतो, प्रवेश परीक्षा असते तिथे तिची वेगळी तयारी करावी लागते, तेव्हा शेवटच्या दोन वर्षांत ढिलाई नको. जीवशास्त्र मात्र मार्कांसाठी वाचू नकोस. हृदयाचे चार कप्पे पाठ करण्यापेक्षा रक्ताचा एक थेंब पायाच्या बोटापासून निघून पुन्हा तिथेच कसा येतो हे कुणाला तरी न अडखळता सांगून बघ. जिथे अडखळशील तिथलं तुला येत नाही. ग्रीक-लॅटिन तुकडेही आत्तापासून जमवत जा. 'आयटिस' म्हणजे सूज, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, 'हेपॅट' म्हणजे यकृत, 'कार्डि' म्हणजे हृदय. असे पन्नास-साठ तुकडे डोक्यात असले की पहिल्या वर्षाचं जाडजूड पुस्तक अर्धं ओळखीचं वाटतं.

बाबांच्या म्हणण्याकडे येते. "आवड आहे तर डॉक्टर हो" यामागे असं समजणं आहे की नर्स म्हणजे कमी मार्क मिळालेली डॉक्टर. मला याचा राग यायचा, आता येत नाही, पण उत्तर मात्र पाठ आहे. डॉक्टर राउंडला येतात, पाच मिनिटं पेशंटपाशी थांबतात, निर्णय घेतात आणि पुढे जातात. उरलेले तेवीस तास पंचावन्न मिनिटं पेशंटजवळ नर्स असते. त्या वेळात काही बिघडलं तर ते आधी कुणाला दिसणार? २००२ साली लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटांमध्ये, एका नर्सवर सरासरी एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त आढळली. नुसती सांगकामी माणसं असती तर असा फरक पडला असता का? हे बाबांना वाचून दाखव. पण त्याआधी स्वतःलाही एकदा विचार की तुला निदान करायला आवडेल की पेशंटजवळ थांबायला. निदान आवडत असेल तर बाबा बरोबर आहेत, त्यात वाईट वाटून घेऊ नकोस. मुलाखतीत "डॉक्टर का नाही?" हा प्रश्न हमखास येतो, आणि "तिकडे मार्क कमी पडले" हे उत्तर आम्हाला न बोलताही ऐकू येतं.

हॉस्पिटलमध्ये जावं का? जा. पण काय करायला जाते आहेस हे समजून जा. शाळकरी मुलीला कुणी इंजेक्शन देऊ देणार नाही, ड्रेसिंग करू देणार नाही, आणि देत असतील तर तिथे थांबू नकोस. तुला व्हीलचेअर ढकलायला, पाणी द्यायला, कागद पोहोचवायला, गप्पा मारायला सांगतील. काही ठिकाणी वयाची अट असते आणि सोळा-अठराच्या आत घेतच नाहीत. मग वृद्धाश्रम बघ, दिव्यांग मुलांची शाळा बघ, किंवा घरातल्याच आजारी माणसाची रोजची जबाबदारी घे. तीही मोजली जाते, मुलं ती सांगायला विसरतात.

एक मुलाखत माझ्या डोक्यातून जात नाही. लागोपाठ दोन मुलं आली. पहिल्या मुलीच्या फाइलमध्ये अकरा प्रमाणपत्रं होती, शिबिरं, रॅली, रक्तदान जनजागृती. विचारलं, "यांतल्या एखाद्या माणसाबद्दल सांग." तिला एकही माणूस आठवेना. दुसऱ्या मुलाकडे काहीच नव्हतं. तो आठवड्यातून एकदा एका वृद्धाश्रमात पाण्याचे तांबे भरायला जायचा. म्हणाला, "एका आजोबांचा तांबा नेहमी भरलेलाच असायचा. मला वाटायचं त्यांना तहान लागत नाही. मग एकदा लक्षात आलं की त्यांचा उजवा हात चालत नाही आणि तांबा उजवीकडे ठेवलेला असतो. मी तो डावीकडे ठेवायला लागलो." आम्ही तिघं परीक्षक एकमेकांकडे बघितलं आणि पुढचे प्रश्न विचारायचे म्हणून विचारले.

तेव्हा तासांचा हिशेब ठेव, सही-शिक्क्याचं पत्र घे, ते सगळं लागतं. पण घरी आल्यावर वहीत दोन ओळी लिहीत जा, आज काय दिसलं. नाव लिहायचं नाही. कुणाचं नाव, आजार, फोटो, कॉटचा नंबरसुद्धा वहीत नको आणि मोबाइलवर तर मुळीच नको. पेशंटची गोष्ट पेशंटची असते, हे पंधराव्या वर्षी कळलं तर पुढे नोकरी जायची वेळ येत नाही.

लिहिण्यावरून आठवलं. "आजींना बरं वाटत नव्हतं" हे वाक्य नर्सच्या नोंदीत निरुपयोगी आहे. "सकाळी ८ वाजता हाक मारल्यावर डोळे उघडले, पण स्वतःचं नाव सांगायला वेळ लागला. काल सांगत होत्या" हे उपयोगाचं आहे, कारण पुढच्या ड्यूटीवर येणारी सिस्टर त्यावरून काहीतरी करू शकते. भाषेचा विषय म्हणून निबंध लिहितेस तो लिहीच, पण जोडीला असं सुटसुटीत, वेळ घालून, विशेषणं काढून लिहायचा सराव कर. काय बघितलं ते आधी, काय वाटलं ते नंतर.

आणि बघायचा सराव आजपासूनच करता येतो, फुकट. घरात कुणी झोपलं असेल तर घड्याळ लावून त्यांचे श्वास मोज, पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नकोस. मोठ्या माणसाचे विश्रांतीत साधारण १२ ते २० भरतात. मग कुणीतरी जागं असताना, त्यांना न सांगता मोज. मग सांगून मोज. सांगितल्यावर आकडा बदलतो, कारण लक्ष गेलं की माणूस श्वास वेगळाच घेऊ लागतो. म्हणून आम्ही नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरून ठेवतो आणि नजर छातीवर असते. पेशंट खालावत असतो तेव्हा श्वासाचा वेग अनेकदा सगळ्यांत आधी बदलतो, आणि चार्टवर आळसाने 'सरासरी'च लिहिलं जातं तेही त्याच रकान्यात. मी विद्यार्थ्यांच्या चार्टवर ओळीने १८, १८, १८ दिसले की त्यांना कॉटजवळ उभं करून पुन्हा मोजायला लावायची. ते १८ क्वचितच निघायचे.

प्रथमोपचार आणि सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला श्वास देण्याचा, कोर्स मिळाला तर करून टाक. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली, ३० दाबांमागे दोन श्वास. वाचून हे सोपं वाटतं. पुतळ्यावर दोन मिनिटं कर म्हणजे कळेल की यात दंड भरून येतात. नर्सिंग हे अंगमेहनतीचं काम आहे हे कुणी आधी सांगत नाही. बारा तासांच्या ड्यूट्या, रात्रपाळ्या, पेशंटला कुशीवर वळवणं, पुष्कळ नर्सेसची पाठ चाळिशीच्या आत तक्रार करू लागते. पळ, पोह, दोरीवरच्या उड्या मार, काय आवडेल ते, पण शरीर कामाला तयार ठेव. लसींची नोंदही शोधून ठेव. वॉर्डात पाठवण्याआधी हिपॅटायटिस बी, गोवर, कांजिण्या यांचे पुरावे मागतात, आणि हिपॅटायटिस बीचा नेहमीचा क्रम पहिला डोस, एका महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा असा असतो. म्हणजे ऐनवेळी धावपळ करून तो भरून निघत नाही.

कॉलेज निवडायला तुला अजून वेळ आहे, पण दोन गोष्टी कानावर घालते. नर्सिंगमध्ये पातळ्या असतात. सहायक नर्सचा छोटा कोर्स, पदविका, आणि तीन किंवा चार वर्षांची पदवी. मार्क कमी पडले तर खालच्या पायरीवरून चढत पदवीपर्यंत जायचे रस्ते बऱ्याच ठिकाणी आहेत, तेव्हा एका वर्षी दार बंद झालं म्हणून रडत बसू नकोस. दुसरं, कॉलेजला त्या देशाच्या नर्सिंग नियामक परिषदेची मान्यता आहे का हे इमारतीच्या काचांपेक्षा आधी बघ. मान्यता नसेल तर नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. मुलांना प्रत्यक्ष वॉर्डात किती तास मिळतात तेही विचार. युरोपीय महासंघाच्या नियमांत नर्सिंगचं शिक्षण किमान ४६०० तासांचं असावं आणि त्यातला किमान अर्धा भाग प्रत्यक्ष पेशंटजवळ जावा, असं आहे. कुठल्याही देशातल्या कॉलेजला तोलायला हा आकडा बरा पडतो. "आमच्याकडे प्रॅक्टिकल भरपूर असतं" असं कुणी म्हणालं की विचारायचं, भरपूर म्हणजे किती तास, आणि कुठल्या हॉस्पिटलात?

तुझ्या आजीच्या नऊ दिवसांबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस. मुलाखतीत तीच सगळ्यांत जास्त उपयोगी पडेल, पण "सिस्टर फार प्रेमळ होत्या" एवढ्यावर सोडू नकोस. कुठल्या सिस्टरने नेमकं काय केलं? आजीला कसं उठवलं, काय विचारलं, हात कधी धुतले, कोणाला फोन केला? आठवेल तेवढं या आठवड्यात लिहून काढ, वर्षभराने ते पुसट होईल.

फॉर्म देऊन झाला असेल तर उद्या सकाळी शाळेच्या ऑफिसात जाऊन बदलता येतो का विचार. मुदत संपायच्या आत बदलणं नंतरच्या विनवण्यांपेक्षा सोपं असतं. आणि हे सोडवून मला पाठव, कॅल्क्युलेटर न घेता: मूल १६ किलोचं आहे, पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम द्यायचं आहे, आणि तुझ्या हातात ती दुसरी बाटली आहे, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमवाली. किती मिलिलिटर? उत्तर काढलंस की पुन्हा एकदा उलटं करून तपास, मगच पाठव.